ताटाचा फोटो आणि विमलचा आंबा

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलापाशी नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या विमलपाशी तर मुळीच नाही. तुमच्यापाशी का बोलतेय? तुम्ही ब्राह्मणपुरीचे नाही म्हणून असेल. गावात एकीला सांगितलं की संध्याकाळपर्यंत गुरांनाही कळतं.

विमल माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हापासून आमची चूल एकच. चार वर्षांपूर्वी मला साखर निघाली. मुलगा सुरतला नोकरीला असतो, त्याने माझ्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. रोज ताटाचा फोटो काढायचा. ताट नीट असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल. ती खूण त्यालाही तिकडे दिसते. विमलने दुसऱ्याच दिवसापासून माझा वेगळा स्वयंपाक सुरू केला — दादर ज्वारीची भाकरी, बिनतेलाची मेथी, मुगाचं वरण. घरचं सगळं करून वर हे.

ताट घेऊन मी मागच्या पडवीत जायचे. फोटोला तिथे उजेड चांगला येतो, असं सांगायचे. उजेड येतो, हे खरंच आहे. पण तिथे गायही बांधलेली असते, हे मी कधी बोलले नाही.

फोटो काढायचा, भाकरी गाईपुढे टाकायची. माझं पथ्य आमच्या गाईने पाळलं — आणि काय तुकतुकीत झाली होती!

मग मी काय खात होते? कोठीच्या खोलीत माझी लग्नातली लोखंडी पेटी आहे. तिच्यात खारी, नानकटाई, काजूकतली. हे सगळं फोनवरून मागवलेलं. पूर्वी दुकानात बिस्किटाच्या पुड्याला हात लावला तरी दुकानदार विचारायचा, “मावशी, तुम्हले चालस का हाई?” चारचौघींत लाज काढायचा मेला. फोन काही विचारत नाही. उलट, आणखी काय हवं म्हणतो. आणि पार्सल बाहेरून सगळी सारखीच. विमलला सांगायचे, मुलाने साखरेवरची पावडर पाठवलीय. ती पार्सल दोन्ही हातांनी उचलून देवघरापाशी ठेवायची. औषध ना ते!

इथवर तुम्ही हसलात तरी चालेल. मीही हसते कधी कधी. पण ही नुसती चोरून खाण्याची गोष्ट असती, तर मी ती केव्हाच सगळ्यांना रंगवून सांगितली असती.

फोनवर हिरव्या खुणांची रांग, आणि रक्तात साखर चढतेय. शहाद्याच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली. मुलगा हैराण. विमल तर रडकुंडीला आली. एका सोमवारी तापीकाठी प्रकाशा गावी महादेवाला जाऊन आली, हातात प्रसाद, आणि म्हणाली, “ताई, तुम्ही इतलं पथ्य पाळतस, तरी साखर उतरत नही. मी महादेवले सांगी उनू. तुम्हनी साखर उतरत नही तोलोंग मी आंबा खावाव नही.”

आंबा! मागे अंगणात आंब्याचं झाड आहे, ते तिने माहेरून आणलेल्या कोयीचं. तिचे वडील गेल्यावर माहेरचं तेवढंच उरलं तिला. त्या झाडाचा पहिला पाड ती उभ्या उभ्या खायची, कोपरापर्यंत ओघळ आले तरी थांबायची नाही.

तेव्हा बोलायला हवं होतं ना? तिथेच, प्रसाद हातात असताना? मी प्रसाद खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडवीत गेले.

पहिला उन्हाळा असा गेला. तिने आंबे उतरवले, अढी लावली, शेजारीपाजारी वाटले, रस केला, सगळ्यांना वाढला. स्वतः बोटही चाटलं नाही. आणि मी — आता सांगतेच — त्याच उन्हाळ्यात, एका दुपारी, कोठीचं दार लोटून फोनवरून मागवलेली आंबापोळी खाल्ली. एक नाही. पाकीट संपेपर्यंत.

दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा ती मोरीवर रसाचे हात धूत होती. मी मागे उभी होते, तिला ठाऊक नव्हतं. हात धुतले, पुसले, आणि मग दोन्ही तळवे नाकाशी धरून ती तशीच उभी राहिली. बराच वेळ.

त्या दिवशी मी पेटी रिकामी केली. पडवीत बसून भाकरी खाल्ली, सगळी. गाय माझ्याकडे बघत राहिली. पण त्या साली आंबे संपत आले होते. साखर काही आठवड्यात उतरत नाही.

यंदा उतरली. डॉक्टर खूश, मुलगा खूश, गावातल्या बायका मला पथ्य विचारायला येतात आणि मी सांगतेही, चांगलं ऐटीत. विमलने झाडाचा पहिला पाड धुतला, डोळे मिटून हात जोडले. “महादेवनी आयकं मन्हं,” म्हणाली. ओघळ कोपरापर्यंत आले. मग सुरीने एक फोड कापून माझ्या ताटात ठेवली.

मी त्या ताटाचा फोटो काढला, फोडीसकट, आणि पाठवला. लाल खूण आली. मुलाचा लगेच फोन, “आई, हे काय?” विमल पोट धरून हसली, आणि मीही. खूप बरं वाटलं मला त्या दुपारी, खोटं कशाला बोलू?

तिच्या वडिलांच्या झाडाचे दोन उन्हाळे मी खाल्ले. ती अजून मानते की ते देवाला दिले.