रडका गार्ड

माझ्या डोळ्यांत पाणी आलं की दौंडातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीला देव दिसायचा. मला मात्र समोर मंडळीच दिसायची, आणि ते दृश्य काही फार बघण्यासारखं नव्हतं.

मी रेल्वेत मालगाडीचा गार्ड होतो. एका सकाळी ड्यूटीवर निघताना बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि कोणीतरी मागून डोक्यात घण घातला असं वाटलं. पुढचं आठवत नाही. पुण्याच्या इस्पितळात शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, मेंदूतली नस फुटून आत रक्त सांडलंय, वाचलात हेच पुष्कळ. त्यानंतर डावा पाय फरफटायला लागला. जीभ इतकी जड झाली, की मी एक वाक्य पुरं करेपर्यंत समोरच्याचा चहा पिऊन व्हायचा. गाडीवरून काढून मला बत्त्यांच्या खोलीत कंदील पुसायला बसवलं. हे सगळं मी गिळलं. गिळता आलं नाही ते रडू.

दूध उतू गेलं, रडू. दारावर कांदेवाला ओरडला, रडू. मनात काही नसायचं, उलट बऱ्याचदा रागच असायचा, पण डोळे आपले वाहत. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की ह्या रडण्याचा दुःखाशी काही संबंध नाही, आतला ब्रेक निकामी झालाय. गार्डाला ब्रेकची भाषा कळते. मला कळलं आणि माझ्या मुलीला कळलं. ती तेव्हा नुकतीच मॅट्रिक झालेली. सुरुवातीला धावत यायची, तर मी तिला अडखळत समजावलं, की हे पाणी खोटं आहे, ह्याला भीक घालायची नाही. तेव्हापासून मी रडायला लागलो की ती हातातल्या फडक्यानं माझं तोंड पुसायची आणि तव्यावरची भाकरी उलटायला परत वळायची. इतकं समजूतदार माणूस मला दुसरं भेटलं नाही.

बाकीचे सगळे अतिशहाणे. त्यांत पहिला नंबर माझ्या मेव्हण्याचा. तो मंडळीचा पंच, म्हणजे देवळाच्या कारभाऱ्यांतला एक, आणि देवाचा कारभारही आपल्याकडेच आहे अशी त्याची समजूत. मी घरी आल्यावर तो खुटबावहून एक पारवा घेऊन आला. "दाजी, पारव्याचं रगत चोळल्याबिगर पाय हालायचा न्हाई." रविवारी बायबल बगलेत मारून फिरणारा माणूस, सोमवारी माझ्या अंगणात पारव्याची मान मुरगाळत होता. रक्त चोळताना मला रडू आलं, तर म्हणतो, "बघा, गुण येतोय." गुण एवढाच आला की पायाला मुंग्या लागल्या.

आजाराआधी मी देवळात फारसा जात नसे. ह्या पंचांची तोंडं आठवड्यातून एकदा बघणंही मला जड जायचं, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. आता बायको हात धरून न्यायला लागली. पहिल्याच रविवारी पाळकसाहेब उपासनेनंतरच्या सूचना देत होते. सतरंज्या झटकायला कोण येणार, असं काहीतरी चाललं होतं, आणि माझा बांध फुटला. सतरंज्यांवरून! पण सारं देऊळ वळून माझ्याकडे बघायला लागलं. पाळकसाहेब खाली उतरले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, कठीण काळजाला प्रभूनं पाझर फोडला. मेव्हण्यानं मोठ्यांदा आमेन म्हटलं. कसला डोंबलाचा पाझर! मी तोंडानं "आजार, आजार" म्हणत होतो, त्यांना वाटलं मी पापाच्या आजाराबद्दल बोलतोय.

त्या दिवसापासून मी दौंडातला पश्चात्ताप झालेला माणूस. बायका पोरांना माझ्याकडे बोट करून दाखवायच्या. प्रार्थनासभा असली की मला पुढं बसवायचे, आणि मी रडलो नाही तर त्यांचे चेहरे पडायचे. एवढ्या भोळसट माणसांनी शेती, संसार, नोकऱ्या कशा केल्या ह्याचं मला आजही नवल वाटतं.

इथवर मी सगळं सोसलं असतं. पण मेव्हण्यानं मुलीसाठी स्थळ आणलं. शिरूरचा बिजवर, चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, तिथल्या मिशनच्या बोर्डिंगात पोरांवर देखरेख करणारा. मुलीला मिरजेला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, जूनमध्ये जायचं होतं. तो गृहस्थ आमच्याकडे आला, खुर्चीत ऐसपैस बसला आणि तिला एकच प्रश्न विचारला, की एका वेळी किती माणसांचा स्वयंपाक जमतो. त्याला बायको नको होती, आचारी हवा होता.

"मग दाजी, काय म्हणणं हाय तुमचं?" मेव्हण्यानं विचारलं.

मी सगळा जोर लावून "नाही" म्हणालो. नेमके तेव्हाच डोळे वाहायला लागले.

"बापाचं काळीज हाय," मेव्हणा पाहुण्यांना म्हणाला. "लेक द्यायची म्हंजी नको नको व्हतंच."

"पपा नाही म्हणाले, मामा," मुलगी म्हणाली. तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही. साखर वाटून झाली. रात्री मी बायकोवर संतापलो, तर ती म्हणाली, "उद्या तुमची नस परत फुटली तर पोरीला कोण बघणार?" तिचं भय खोटं नव्हतं. तरी माझं म्हणणं नाहीच होतं.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात नावं वाचतात आणि कोणाची हरकत असेल तर आत्ताच बोला म्हणतात. पहिल्या दोन रविवारी मेव्हण्यानं मला तब्येतीच्या नावाखाली घरी ठेवलं. तिसऱ्या रविवारी मी काठी टेकत एकटाच निघालो. पोचलो तेव्हा पाळकसाहेबांनी कागद हातात घेतला होता, आणि शिरूरचे पाहुणे पुढच्या रांगेत नव्या टोप्या घालून बसले होते. नावं वाचून झाली. मी दारातूनच म्हणालो, "माझी. हरकत. आहे."

आणि रडायला लागलो.

"बसा, भाऊ," पाळकसाहेब मायेनं म्हणाले. "प्रभू तुमचे अश्रू पाहतोय." दोघा पंचांनी मला दंडाला धरून खाली बसवलं. मी हरकत हरकत म्हणतोय, आणि एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवतेय. मला त्या सगळ्यांचा इतका तिटकारा आला की सांगता सोय नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं माझी मुलगी उठली. "पपा रोज असंच रडतात. काल कांदे घेताना रडले. मग त्यांनी कांदेवाल्यापुढं पश्चात्ताप केला का?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं कोणी.

"ते नाही म्हणतायत," ती म्हणाली. "आणि मीही नाहीच म्हणते."

शिरूरचे पाहुणे उपासना संपायची वाट न बघता उठले. मेव्हणा त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलला नाही, ही त्याची माझ्यावर झालेली एकमेव कृपा. मंडळीचा संत एका सकाळीत गेला आणि पोरं मला रडका गार्ड म्हणायला लागली. मला ते नाव आवडलं. निदान त्यात खोटं काही नव्हतं.

जूनमध्ये मुलीला पुण्याच्या गाडीत बसवायला मी स्टेशनवर गेलो. पुण्याहून पुढं ती मिरजेला जाणार होती. ती खिडकीशी बसली, ट्रंक बाकाखाली सरकवली. मला तिला सांगायचं होतं, की तू गेलीस म्हणजे घरात मला ओळखणारं कोणी उरत नाही. जीभ वळेना. आणि मला रडू आलं. पण हे रडू पोटातून वर येत होतं. आजारानंतर पहिल्यांदाच मनात जे होतं तेच डोळ्यांत आलं होतं.

शेजारची बाई बघून हळहळली. मुलीनं खिडकीतून हात बाहेर काढला, रोजच्या सवयीनं रुमालानं माझं तोंड पुसलं आणि त्या बाईला हसून म्हणाली, "काही नाही हो. आजारानं होतं त्यांना असं. मनाला लावून घेऊ नका."

मी "नाही" म्हणेपर्यंत गाडी सुटली होती.