न वाजलेला अलार्म

"हे घ्या तुमचं. न्हाई पाहिजे आमाला." कंट्रोलरचा डबा काढून अण्णांनी माझ्या पुढ्यात ठेवला.

अण्णा सिरसाळ्याजवळच्या एका पाणीवापर संस्थेचे चेअरमन. दुष्काळाचं वर्ष. सामाईक टाकीतलं पाणी सभासदांच्या मोसंबीला पाळीपाळीनं जायचं. ज्याची पाळी, त्याच्या बागेचा वॉल्व्ह उघडायचं काम आमच्या कंपनीच्या या डब्याचं. तो मधूनच वॉल्व्ह उघडेनासा झाला. एका बागेची पाळी कोरडी गेली आणि लोक हातघाईवर आले.

डबा सोलर बॅटरीवर चालतो, म्हणून दोन कामांच्या मध्ये झोपतो. आतली घड्याळाची चिप तेवढी जागी असते. झोपण्याआधी तिला अलार्म लावून द्यायचा, हे काम ड्रायव्हर नावाच्या छोट्या प्रोग्रामचं.

माझ्यासोबत आमच्या सीनियर वंदना साळवे होत्या. मूळच्या याच जिल्ह्यातल्या, पाटोद्याच्या. पुण्याहून साहेबांचा फोन आला, "स्लीप बंद करा, डबा चालूच ठेवा आणि निघा."

"सर, बॅटरी बसेल. मग सगळ्याच बागा कोरड्या राहतील," मॅडम म्हणाल्या. पंपघराच्या सावलीत लॅपटॉप उघडून त्यांनी अण्णांना विचारलं, "पाळ्या लागोपाठ लावता का?"

"मंग? पाणी लई कमी. पाळ्या बारक्या केल्या. एकाचा वॉल बंद, की दुसऱ्याचा लगेच."

आमच्या लॅबमधल्या चाचणीत दोन अलार्ममध्ये ऐसपैस अंतर असायचं. मॅडम ते कमी कमी करत गेल्या. दुपारी डबा झोपला तो उठलाच नाही. मॅडम चक्क हसल्या; बिघाड डोळ्यांसमोर घडला होता. मी कपाळाला हात लावून बसलो होतो.

"दहाला उठव, असं ड्रायव्हर चिपला लिहीत होता," त्यांनी समजावलं. "लिहून होईपर्यंत दहा वाजून गेले. चिप फक्त वेळ बघते, तारीख बघत नाही. ती उद्याच्या दहाची वाट बघत बसली. ड्रायव्हरनं वर, मुख्य प्रोग्रामला कळवलं, काम झालं. डबा बिनघोर झोपला."

उपाय चार ओळींचा. अलार्म लावल्यावर घड्याळ पुन्हा वाचायचं. वेळ टळली असेल तर वर तसं सांगायचं, म्हणजे डबा न झोपता लगेच वॉल्व्ह उघडतो.

अण्णांचा विश्वास बसेना. "अन् परत झोपला तर?"

"तर मी हातानं वॉल फिरवीन. समद्यांच्या पाळ्या होईस्तोवर मी हितंच हाय," मॅडम म्हणाल्या.

पुण्याच्या ऑफिसात त्यांच्या तोंडून 'हाय' मी कधी ऐकलं नव्हतं. अण्णांनी मान डोलावली आणि डबा स्वतः जागेवर बसवला.

शेवटच्या बागेला पाणी पोचेपर्यंत मॅडम उन्हातान्हात वॉल्व्हपाशी उभ्या राहिल्या. एकदाही हात लावावा लागला नाही. त्या वर्षी फळ आलं नाही, पण झाडं जगली. पुढे तो बदल आमच्या सगळ्या डब्यांत गेला.

तेव्हापासून नव्या इंजिनिअरांना मी एवढंच सांगतो: अलार्म लावलात? आता किती वाजले ते बघा.