कोंब फुटलेली दुरडी

याडीच्या हातात कसलीही काडी आली की ती आधी गुडघ्यावर ठेवून वाकवायची. "वळतंय का बघू दे," म्हणायची. मग ती काडी निरगुडीची असो, माझ्या छत्रीची असो, नाहीतर माझा बॉलपेन असो. पेन वळला नाही, मोडला. "कामाचा न्हाई," म्हणून तिने दोन्ही तुकडे माझ्या हातात ठेवले. आमची ओळख झाली ती अशी.

हिंगोलीकडच्या गोरेगावजवळ पाझर तलावाच्या वरच्या अंगाला बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथल्या बोलीत आईला याडी म्हणतात. तिला लहानथोर सगळे याडी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. श्रावणात तांड्यातल्या पोरी तीज पेरतात. लहानशा दुरडीत माती आणि खत घालून गहू टाकायचा, गाणी म्हणत रोज पाणी घालायचं, आणि रोपं हिरवीगार वाढली की वाजतगाजत तलावावर नेऊन दुरडीसकट पाण्यात बोळवायची. या सगळ्या दुरड्या याडीच विणायची. तलावाच्या काठची निरगुडी कापायची, साल काढायची, काड्या वाळवायच्या, पुन्हा भिजवायच्या आणि विणायला बसायचं. "माझ्या हातची दुरडी घेतल्याबिगर या तांड्यातली एक पोरगी सासरी गेली न्हाई," असं ती भेटेल त्याला सांगे. ऐकणारा अनोळखी असला तर दोनदा सांगे.

मी तिथे जनजागृती करायला जात असे. हा शब्द तेव्हा मी न हसता उच्चारू शकत होतो. वडील चळवळीतले. घरात धान्याच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी वाचायला शिकलो तेच पत्रकांवर, त्यामुळे माझ्या प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह असे. भाकरी हवी असली तरी मी आईला आवाहन करायचो.

नव्वदचं दशक होतं, आमचा जिल्हा अजून परभणीच होता. त्या वर्षी माझ्या तावडीत बेशरम सापडली होती. तुम्हीही ती पाहिली असेल: फिकट जांभळी, भोंग्यासारखी फुलं आणि पोकळ दांडे. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लोकांनीच ती कुंपणाला लावली, आणि कुंपणावरून ती तलावात उतरली. तोडून फेकलेली कांडी जिथे पडेल तिथे मूळ धरते. बघता बघता तिने सगळा काठ घेतला. आधी लव्हाळा दिसेनासा झाला. लव्हाळ्यात घरटी करणाऱ्या पाणकोंबड्या गेल्या. मग वाळ्याचे ठोंब गेले. मग निरगुडी आक्रसत चालली.

मी पत्रक काढलं: 'परदेशी आक्रमकाला काठावरून हाकला!' तांड्यातल्या लिंबाखाली उभा राहून ते मोठ्याने वाचलं. याडी तंबाखू मळत ऐकत होती.

"कोनाला वाचून दाखवून राहिला रे, पत्रकवाल्या?"

"लोकांना, याडी."

"लोकांनी काय केलं? खाली जाऊन बेशरमला वाचून दाखव. लाजली तं लाजली."

पुढच्या श्रावणात निरगुडी दोन दुरड्यांपुरतीसुद्धा मिळाली नाही. तांड्याच्या नायकाच्या सुनेने गोरेगावच्या बाजारातून रंगीत प्लास्टिकची घमेली आणली. पोरी खूष. याडीने त्या दिवशी कुणाच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. "घमेल्यात तीज? मंग बादलीत पेरा, मोरीत पेरा!" ती तरातरा काठावर उतरली, बेशरमची कोवळी काडी तोडून गुडघ्यावर ठेवली आणि ओरडली, "वळतंय की रे हे!"

दिवस थोडे होते. साल काढणं नाही, वाळवणं नाही. हिरव्या काड्यांच्याच दुरड्या विणल्या, आणि झाल्याही देखण्या. घमेली आढ्याला टांगली गेली. मी हर्षाने वेडा झालो. रातोरात लिहिलं, 'शत्रूला कामाला जुंपले! तांड्याचा देशाला धडा!' आणि गठ्ठा हिंगोलीला पोचवला. देश धड्याची वाट बघत बसला आहे, याबद्दल मला शंका नव्हती.

ओली काडी, ओली माती आणि रोज गाणी म्हणत घातलेलं पाणी. काय होणार ते तुमच्या लक्षात आलंच असेल; माझ्या आलं नव्हतं. गहू बोटभर झाला तेव्हा दुरड्यांनाच कोंब फुटले होते. विणीच्या प्रत्येक फटीतून बेशरमची पानं बाहेर डोकावत होती.

"याडी, तुझी दुरडीबी उगवून राहिली!" पोरी पोट धरून हसल्या.

याडी हसली नाही. तिने गव्हाची रोपं मातीसकट उचलून घमेल्यांत ठेवली, दुरड्या वरच्या कातळावर नेल्या आणि उन्हात पसरून ठेवल्या. तलावात गेल्या असत्या तर उरलासुरला काठही गेला असता. बोळवणीला ती उतरली नाही. उंबऱ्यात तलावाकडे पाठ करून बसून राहिली. इकडे हिंगोलीत एका भल्या माणसाने मला विचारलं, "त्या दुरड्यांचं पुढं काय झालं?" मी म्हणालो, "चांगल्या वाढीला लागल्यात."

काही दिवसांनी तिनेच मला हाक मारली. "का रे, निरगुडीची हिरवी काडी लावली तं तीबी फुटती ना?"

"फुटते," मी म्हणालो, आणि स्थानिक वनस्पतींच्या हक्कांवर बोलायला सुरुवात केली. ती केव्हाच उठून गेली होती.

पुढच्या श्रावणात ती साखऱ्याला लेकीकडे जाऊन निरगुडीचा भारा घेऊन आली. परतताना मी सोबत होतो; टपावर आम्ही सवाऱ्याच दाटून बसलेलो, म्हणून जीपवाला भारा वर घेईना. "सवारी जाऊ दे खाली, भारा जाऊ दे वर," असं म्हणून तिने मलाच खाली उतरवलं. गोरेगावपर्यंत मी चालत आलो. चळवळीत पदयात्रा पुष्कळ केल्या, पण कुणाच्या जागी कोण आहे हे इतकं स्पष्ट कधीच नव्हतं.

आमच्या चळवळीतल्या पोरांच्या मंडळाने काठाचा एक तुकडा मोकळा केला, बेशरम मुळासकट खणून वर कातळावर वाळत टाकली. याडीने सालीसकट हिरव्या निरगुडीच्या दुरड्या विणल्या. बोळवणीच्या दिवशी ती पाण्याशी उभी राहिली आणि पोरींना म्हणाली, "गहू पान्यात सोडा. दुरडी न्हाई. दुरडी हितं गाळात बसवा."

म्हाताऱ्या चिडल्या. "तीज पान्यात जाती, याडी. चिखलात न्हाई."

"गहू गेला ना पान्यात? दुरडी माझ्या हातची हाये. ती कुठं जाईल ते मी सांगनार."

बहुतेक दुरड्या कुजल्या. काही गुरांच्या पायांखाली गेल्या. थंडीत याडी तापाने गेली. दुरड्यांचं काय झालं ते तिला कळलं नाही.

तलावाचा काठ अजून बेशरमचाच आहे. पण एका ठिकाणी निरगुडी आहे, आणि ती गोल उगवलेली आहे, दुरडीच्या काठासारखी. तिच्या बुडाशी थोडा लव्हाळा परत आला आहे. तीज आता घमेल्यातच पेरतात, पण पोरी पाण्याकडे उतरताना त्या गोलाला वळसा घालून जातात.

भोवतीची बेशरम खणायला मी दरवर्षी जातो. पत्रक नेत नाही. यंदा निरगुडीची एक काडी कापली आणि गुडघ्यावर ठेवून वाकवली. वळली. पुढे काय करायचं, ते मला येत नाही.