ही कोणावर गेली?

माझी लेक चौथीत होती तेव्हा शाळेतल्या मोठ्या बाईंनी मला बोलावलं आणि सरळ सांगितलं, "एक तर हिला डॉक्टरला दाखवा, नाही तर दाखला घेऊन जा." लेक वर्गात बसत न्हवती. बसली तर दुसऱ्याच्या बाकावर. पाढे तोंडपाठ, पण म्हणता म्हणता खिडकीतून बाहेरच्या शेळ्या मोजायला लागायची. मला त्यात काही वावगं वाटत न्हवतं. शेळ्या दिसल्यावर लेकरू बघणार न्हाई का?

औरंगाबादच्या डॉक्टरांनी तिच्याशी लई वेळ गप्पा मारल्या. म्हणाले, ही खोडकर नाही, लाडानं बिघडलेलीही नाही. हे असं एका जागी न ठरणं बहुतेक रक्तातूनच येतं. "घरात लहानपणी कोणी असं होतं का?"

आमचे हे बियाण्याच्या कंपनीत, कपाशीच्या प्लॉटवर देखरेखीला. नर ओळीतलं फूल मादी ओळीतल्या फुलावर घासून घ्यायचं, आणि ओळीत वेगळं झाड दिसलं की भेसळ म्हणून मुळासकट उपटायचं, हेच सालोसाल काम. त्यांनी लगेच विचारलं, "साहेब, नर लाईनमधून आलं का मादी लाईनमधून?" डॉक्टर हसले. म्हणाले, असं एका ठिकाणाहून येत नाही. बारीक बारीक किती तरी गोष्टी जुळून येतात, आणि नेमक्या कोणत्या, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. घ्या! डॉक्टरलाच कळलं न्हाई तर मला काय डोंबल कळणार? रक्तातून म्हणजे रक्त बदलायचं का, असं विचारायचं मनात होतं, पण लाज वाटली.

घरी सासूबाईंनी एका दमात निकाल लावला. "आमच्या खानदानात असलं काही न्हाई. खाण तशी माती. काढा तिला शाळेतून, घरातलं काम शिकंल. गावभर बोभाटा होण्यापेक्षा बरं." हे गप्प. भेसळ दिसली की उपटायची सवय असलेला माणूस गप्प बसला की भीती वाटते.

मंग दुसऱ्याच दिवशी मी एसटीनं भोकरदनला मायकडं गेले. आपल्याकडं असं कोणी न्हवतं, एवढं मायनं तोंडानं सांगावं, बस. मंग ते कुठूनच आलेलं न्हाई असं ठरलं असतं. कसं ठरलं असतं, देव जाणे. उतरताना छत्री एसटीतच राहिली. माझी छत्री एकदा घराबाहेर पडली की परत येतच न्हाई.

माय शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं तर ती हसायलाच लागली. "कोणी न्हवतं? अगं बया, तुला बाभळीला बांधून मी निंदायला जायची! दुसऱ्यांची लेकरं झोळीत निजायची. तू एकदा विहिरीच्या काठावर सापडली, तवापासून बांधायला लागले. लुगड्याची पट्टी तोडायचीस, मंग वासराचं दावं लावलं."

माझ्या डाव्या घोट्याला एक वळ आहे. तो वाळ्यांचा, असं मला आजवर सांगितलेलं.

"मंग हा?"

"दाव्याचाच. ओढायचीस लई. चिघळलं होतं."

शेंगांचं सूप लाथाडावं असा राग आला. "मी काय येडी होते?"

"येडी कशाची? पाय ठरत न्हवता तुझा. मला तरी काय कळत होतं, पोरी?" असं म्हणून तिनं माझ्यापुढं मूठभर शेंगा सरकवल्या.

परतताना मला काहीच उमजेना. मायवर चिडू का तिच्या पाया पडू? लेकीनं माझं नाक घेतलं तेव्हा मी मिरवलं होतं. मंग हे घेतलं तर लाजायचं कशाला?

दारातच सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणल्या विहीणबाई?"

"माझ्यावर गेलीय ती."

"बघा! मी म्हणलं न्हवतं का?"

ह्यांनी खाली मान घालून एवढंच विचारलं, "मंग शाळेचं?" मी म्हणाले, उद्या मी जाते. लेकीनं सगळं ऐकलं होतं. माझ्या घोट्यावर बोट फिरवत ती म्हणाली, "मंग तू सुटायचीस कशी?" मला आठवत न्हवतं. खरंच न्हाई आठवत.

मोठ्या बाईंच्या टेबलावर दाखला तयार होता. लेक माझ्या शेजारी उभी. मी बोलत सुटले. डॉक्टर म्हणाले, पुढं बसवा, मधून मधून उठायचं काम द्या, ती ढ न्हाई. आणि काढायचंच असंल तर नीट ऐकून काढा, कारण ही माझ्यावर गेलीय, मला दाव्यानं बांधायचे.

"आधी तुम्ही बसा बरं," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी बसलेलेच होते की! बघते तर खुर्ची मागं राहिलेली, आणि मी त्यांच्या टेबलाशी उभी राहून डब्यातले खडू रंगाप्रमाणं लावत होते. बाई माझ्या हातांकडं बघत राहिल्या, मंग लेकीकडं. दाखला त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला आणि शिपायाला म्हणाल्या, "वर्गात सांगून या, आजपासून फळा ही पुसेल."