कूलर कोणी लावला

गिरणीच्या आवारात थंड अशी एकच खोली होती, आणि ती माणसांसाठी नव्हती. बाहेर बारमाही कोंडा उडायचा. चहाच्या बशीत, झाडांवर, माणसांच्या पापण्यांवर बसायचा. आत, फटी चिकटपट्टीने बुजवलेल्या खिडकीमागे, एसीच्या गारव्यात, भात गिरणी संघाचं कंप्युटर होतं. शहाऐंशी साली आलेलं. एक मोठी पेटी, तिला तारांनी जोडलेले टीव्हीसारखे पडदे, आणि हंगामाचा सगळा हिशेब त्या पेटीतल्या फिरत्या चकतीवर.

तिचा राखणदार तुलाराम. करडी गावच्या धानकऱ्याचा मुलगा, नागपुरात कंप्युटरची पदविका घेतलेला. भंडाऱ्याला खोली करून बायको-पोरांसह राहायचा. सकाळी पेटी चालू करायची, हिशेबाची दुसरी प्रत काढून ठेवायची, कोणाला कोणता पडदा द्यायचा ते ठरवायचं, आणि येणाऱ्याला दारातच पायपुसणं दाखवायचं. लोक हसत. "तुलारामच्या देवळात पाय धुवून जा लागते," म्हणत. तोही हसायचा, पण पाय पुसून घ्यायचा.

तो हंगामी होता. दर सहा महिन्यांनी मुदत वाढायची. कायम होण्याचा कागद संघाचे अध्यक्ष केशवराव यांच्या हातात होता, आणि तुलारामला तो कागद याच खोलीसाठी हवा होता. बायको निर्मला म्हणायची, नोकरी कुठलीही चालेल. त्याला चालणार नव्हती.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात केशवरावांच्या मुलीचं लग्न निघालं. वऱ्हाड रायपूरहून येणार होतं. केशवराव स्वतः खोलीत आले, चपलांसह.

"तुलाराम, एसी नेऊन राहिलो. नवरदेवाच्या खोलीत लावाचा हाये."

"साहेब, मंग मशीन बंद ठेवा लागन."

"बंद? हंगामाचा हिशेब कोण करन, तुहा बाप?"

"गरम होते ना जी ते."

"तं थंड कर. कूलर पाठवतो. साऱ्या जिल्ह्यातली माणसं कूलरमंदी जगून राहिली, तुह्या पेटीले काय राजाचं रक्त हाये?" दारातून वळून ते म्हणाले, "अन हो, तुही ऑर्डर टाइप झाली. सही तेवढी राहिली."



वायरमन टेकचंद दुपारी कूलर घेऊन आला. घरोघर असतो तसाच, पत्र्याचा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी. कूलरला बाहेरची हवा लागते. म्हणून त्याने खिडकीची चिकटपट्टी ओरबाडली आणि तावदान काढून टाकलं.

"टेकचंद, कोंडा येईन ना बे आत."

"मले कायले सांगतं? अध्यक्षाले सांग. मी तं हुकमाचा ताबेदार."

"थोडा थांब."

"थांबलो," टेकचंद म्हणाला, आणि खरंच हातातला पाना खाली ठेवून उभा राहिला. "जा, सांगून ये."

तुलाराम खिडकीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "लाव."

कूलर सुरू झाला आणि वाळ्याचा वास पसरला. कारकून येऊन वाऱ्यात उभे राहिले, म्हणाले, एसीपेक्षा हेच बरं. तुलारामने पेटीला हात लावून पाहिला. ती गार होती. हे त्याला पुरेसं वाटलं असेल, किंवा त्याने वाटून घेतलं असेल.

कूलर कोंडा आत ओढत होता आणि ओलाही करत होता. लग्नाची पंगत बसली त्या दुपारी पेटीतून लाह्या भाजल्यासारखा आवाज आला. पडदे थिजले. नागपूरचा इंजिनिअर आला, त्याने झाकण उघडलं. आतल्या पंख्यावर, जाळीवर, चकतीच्या खोबणीत तपकिरी लगदा बसला होता. शेणाने सारवल्यासारखा. चकती गेली होती. प्रती होत्या म्हणून हिशेब वाचला. पेटी मात्र वाचली नाही.

संचालकांची सभा भरली. केशवरावांचे विरोधक बाबूलाल तयारीनेच आले होते.

"त्या खोलीत कूलर कोणी लावला?"

केशवराव छताच्या पंख्याकडे पाहत होते. टेकचंद दारात उभा होता. तुलारामच्या तोंडात खरं उत्तर होतं, आणि ते बोलल्यावर सही कधीच होणार नाही हेही डोक्यात होतं.

"मीच लावला," तो म्हणाला.

"अन एसी कुठं होता?"

"दुरुस्तीले."

बाबूलाल मोठ्याने हसले. "घ्या! आपण कंप्युटरवर कोणाले बसवलं? एसी अन कूलर एकच समजते हा भाऊ." सगळी सभा हसली. केशवरावही हसले, जरा उशिरा.

त्यांनी शब्द पाळला. कायमची ऑर्डर निघाली: नाकाडोंगरीच्या धान गोदामावर कारकून. तुलाराम धावत त्यांच्याकडे गेला.

"साहेब, मी मशीनसाठी..."

"आता मशीनवर कसा ठेवू तुले?" केशवरावांच्या आवाजात राग नव्हता, उलट थोडी मायाच होती. "साऱ्यांसमोर तूच बोलला ना."

नाकाडोंगरीला गोदामामागची खोली मिळाली. पोती मोजायची, ओलावा तपासायचा. गोष्ट त्याच्याआधी पोचली होती. हमाल विचारायचे, "कारकूनसाहेब, काहून जी लावला होता कूलर?" आधी तो पोती मोजत राहायचा. मग सांगू लागला. सांगता सांगता त्यात भर पडत गेली: खिडकी कशी निवडली, पाणी किती भरलं. पुढे त्याने नागपुरातून एक जुनं घरगुती कंप्युटर आणलं, घरच्या टीव्हीला जोडायचं, गाण्याच्या कॅसेटवर माहिती साठवणारं. सुटीच्या दिवशी दारं बंद करून तो त्याच्यासमोर बसे. त्यावर कोणाचाच हिशेब नव्हता. निर्मला म्हणे, "निदान सिनेमा तरी पाहू द्या पोराइले."

एकोणनव्वदमध्ये टेकचंद गोदामाची वायरिंग बदलायला आला. रात्रीची बस नव्हती, जेवायला थांबला.

"एक सांगू, तुलाराम? त्या दिवशी मी थांबलो होतो. तू जाऊन अध्यक्षाले बोलला असता तं मी कूलर उचलून नेला असता, आईची शपथ."

"अध्यक्षाचा काय संबंध?" तुलाराम म्हणाला. "कूलर मीच मांगवला होता."

टेकचंद हसला. "इथं कोण आयकून राहिलं बे? घरात हाओत आपण."

"खिडकी मीच दाखवली तुले. मले वाटलं, थंड राहीन."

टेकचंदने निर्मलाकडे पाहिलं. तिने भाताचं भांडं खाली ठेवलं.

"असे काय बोलता जी? घरी येऊन रडले होते तुमी. केशवरावाले शिव्या दिल्या होत्या."

"मी कायले शिव्या देईन?" तुलाराम म्हणाला. त्याचा चेहरा शांत होता, खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. "त्या माणसानं तं मले कायम केलं."

त्याने ताट पुढे सरकवलं. थोड्या वेळाने निर्मलाने त्यात भात वाढला.