तीव्र उतारा

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. भर अमावास्येला नवी स्कूटर घरी आणली म्हणून माझ्या सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर ते आठ दिवस बरे गेले. मी सिव्हिल इंजिनिअर, सगळी नोकरी सरकारी रस्त्यांवर. रस्त्यावर माणूस मरतो तो उतार, वळण, वेग आणि ब्रेक यांच्यामुळे. तेव्हाही मी हेच मानत होतो, आजही मानतो. तरीपण हे लिहितोय... कारण निवृत्त झालो, आणि आता मला कोण काय म्हणणार?

नव्वदच्या दशकाचा शेवट. माझ्याकडे नाशिकच्या पश्चिमेचा डोंगरी भाग होता. वाघेरा घाट ओलांडून हरसूलकडे जाताना, गाव थोडं राहिलं की एक लांब उतार लागायचा. उतार संपतो तिथेच डावीकडे एकदम वळण. उजव्या अंगाला दरी, कठडा नाही, रुंदी जेमतेम एका ट्रकपुरती. बाजाराच्या दिवशी त्या रस्त्याने जीपा जायच्या — आत माणसं, टपावर माणसं, मागे लोंबकळणारी वेगळीच.

मी रुजू झालो त्याच महिन्यात अशी एक जीप तिथून खाली गेली. मी पोचलो तेव्हा खडकांवर नागली सांडली होती आणि एक म्हातारी ती दाणा दाणा पदरात गोळा करत होती. जनाबाई तिचं नाव. तिची सून त्या जीपमध्ये होती. सून गेली. "तिनं निवडून ठेवली व्हती," एवढंच म्हणाली ती, आणि परत वेचायला लागली. मला तिथे उभं राहवेना. त्या दिवशी मी ठरवलं, हे वळण मी कापणारच.

प्रस्ताव तयार केला. डोंगराच्या बाजूने खोदून रस्ता रुंद करायचा, वळण सैल करायचं, दरीकडे भिंत बांधायची. फाइल वर गेली आणि वरच राहिली. तोवर निदान सूचनाफलक तरी लावू म्हणून मी शकीलभाईंना बोलावलं. शकीलभाई म्हणजे आमच्या भागातले नावाजलेले पेंटर. त्यांचं मराठी अक्षर असं की शाळामास्तरांनी मान खाली घालावी. उताराच्या माथ्यावर पिवळा बोर्ड उभा राहिला — 'पुढे तीव्र उतार आहे. वाहने सावकाश हाका.' मी स्वतः वाचला, फोटो काढला आणि रोल धुवायला दिला.

पुढच्या बाजाराला तिकडून गेलो तर उतारावर वेगळाच प्रकार! माथ्यावर जीप रिकामी करून सगळी माणसं पायी चाललेली, आणि रिकामी जीप त्यांच्या पुढे गोगलगायीसारखी. ड्रायव्हर सोमा माझ्या ओळखीचा. त्याला थांबवून विचारलं, "काय रे, हे काय नवीन?"

"साहेब, तूच लिवलंय ना! पुढं उतारा हाय." त्या भागात सगळ्यांनाच तू म्हणतात, कलेक्टर असला तरी. "उतारा वलांडायचा नसतो. मंग माणसं उतरतात, बघत बघत जातात."

मी बोर्डाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. 'पुढे तीव्र उतारा आहे.' र ला काना! आता उतारा म्हणजे काय ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. आजारी माणसावरून ओवाळलेला भात, लिंबू, अंडं — तिठ्यावर नेऊन ठेवतात आणि लोक चार हात लांबून जातात. इथे तर सरकारनेच पिवळ्या बोर्डावर जाहीर केलेलं, आणि तेही 'तीव्र'! कुणाची बिशाद आहे त्यावर चाक घालायची?

शकीलभाईंना फैलावर घेतलं. ते पार हिरमुसले. "साहेब, अल्लाकसम, मी काना दिला नाय. तीस वर्षांत कुणी चूक काढली का माझी?" तेवढ्यात रोल धुऊन आला. फोटोत अगदी स्वच्छ 'उतार' होतं. मी म्हटलं, कुणीतरी चावटपणा केला असणार. पण रंग तोच, ब्रशचा कल तोच. शकीलभाई स्वतःच बोटाने काना चाचपून म्हणाले, "हात माझाच वाटतो साहेब... पण मी नाय."

असो, मी हसून सोडून दिलं. पावसाळा गेला, हिवाळा गेला, त्या वळणावर एकही अपघात झाला नाही. आणि मग माझी फाइल परत आली. शेरा होता — 'सदर ठिकाणी अपघात होत नसल्याने कामाची निकड दिसत नाही.' शिवाय कुणीतरी तक्रार केली होती की खात्याला साधं शुद्धलेखन येत नाही, फलक तत्काळ दुरुस्त करा.

माझं डोकंच फिरलं. एका कान्याने माझं वळण खाल्लं होतं! ब्रेक तेच, दरी तीच, आणि अंधश्रद्धेच्या जोरावर लोकांना किती दिवस जगवणार? शकीलभाईंना घेऊन गेलो, काना खरवडून काढला, वर पिवळा रंग मारला. पुढच्या बाजाराला जीपा भरधाव उतरायला लागल्या. सोमा म्हणाला, "सरकारनं काढला म्हंजी उतारा संपला."

त्याच्या पुढच्या बाजाराला काना परत होता. पुन्हा काढला, पुन्हा आला. मग मात्र मी इरेला पेटलो. बाजाराच्या दिवशी सकाळीच एकटा गेलो, स्वतःच्या हाताने काना खरवडला, रंग मारला आणि बोर्डासमोरच्या पळसाखाली बसलो. म्हटलं, येऊ दे कोण येतं ते, पकडतोच!

लख्ख ऊन होतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तीन तास मी त्या बोर्डावरून नजर हलवली नाही. भूक लागली म्हणून डबा उघडला, तोही बोर्डाकडे बघतच खाल्ला. शेवटी डब्याची कडी लावायला खाली पाहिलं... कडी लावायला वेळ तो किती लागतो? मान वर केली तर समोर 'उतारा'.

मी उठून जवळ गेलो. काना हाताने घासला. वाळलेला होता, खडखडीत. मी सकाळी मारलेला पिवळा रंग मात्र अजून बोटाला चिकटत होता. मी दोन पावलं मागे सरलो, हे कबूल करायला मला लाज नाही.

तेवढ्यात सोमाची जीप आली, खच्चून भरलेली. त्याने बोर्ड वाचला आणि जीप थांबवली. "घ्या, परत आला उतारा! उतरा रं सगळी!" टपावरची, आतली, मागची, सगळी कुरकुरत उतरली. त्यांत जनाबाईही होती, डोक्यावर पाटी. सोमा एकटा जीप घेऊन पुढे निघाला. पन्नास पावलं गेला असेल, आणि त्याचं ओरडणं ऐकू आलं, "ब्रेक गेला! ब्रेक लागंना!"

आम्ही सगळे वरून बघत होतो. जीप सुटली होती. वळणाच्या तोंडाशी सोमाने जीव खाऊन स्टिअरिंग डोंगराकडे फिरवलं. रिकामी जीप गटारात घुसली, दगडावर आपटली आणि आडवी झाली. भरलेली असती तर तिथे वळलीच नसती, सरळ दरीत. हे माझं मत नाही, साधं गणित आहे. आम्ही धावत खाली गेलो. सोमाचा हात मोडला होता, डोकं फुटलं होतं, पण तो शिव्या देत होता, म्हणजे शाबूत होता. जनाबाई मात्र रस्त्यातच बसली आणि मोठ्याने रडायला लागली. सुनेच्या वेळी रडली नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी मी प्रस्ताव नव्याने लिहिला आणि पोस्टाने न पाठवता स्वतः नाशिकला घेऊन गेलो. बरोबर जनाबाई आणि जीपमधली झाडून सगळी माणसं, ट्रकमध्ये बसवून. वरिष्ठांच्या केबिनबाहेर सगळी फरशीवर बसली. साहेबांनी कागद उलटले. माणूस वाईट नव्हता, पण तक्त्याबाहेर जाणारा नव्हता.

"यंदा अपघातात मृत किती?" त्यांनी विचारलं.

"यंदा कुणी नाही, साहेब."

"मग हा रकाना शून्य. शून्यावर मी मंजुरी कशी मागू? तुम्हीच सांगा."

जनाबाई दारातून सरळ आत आली. "साहेब, आमी मेलो असतो त रस्ता केला असता ना तू?"

साहेबांनी कागद खाली ठेवले.

"मंग आमाला मेल्यात धर," ती म्हणाली. "लिव. माझं नाव पयलं लिव. आमी सगळी अंगठा देतो."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग बाहेर येऊन त्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. रकान्यात त्यांनी काय लिहिलं ते मी सांगणार नाही, पण फाइल त्याच आठवड्यात पुढे सरकली. मीही तिच्या मागे हात धुऊन लागलो. दर सोमवारी जाऊन उभा राहायचो. शिपाईसुद्धा मला कंटाळला होता.

काम व्हायला पुढची दोन वर्षं गेली; तोवर मी त्या कान्याला हात लावला नाही. शकीलभाईंची मी हात जोडून माफी मागितली. ते म्हणाले, "आता मानलं ना साहेब?" मी म्हटलं, "तुम्हाला मानलं. बाकीचं अजून नाही." त्या कान्याचा मी खूप विचार केला. ऊन, रंगाची प्रतिक्रिया, माझी डुलकी, सगळं तपासून पाहिलं. एकही उत्तर बसत नाही. सून, देव, डोंगर — गावातला प्रत्येक जण वेगळं नाव घेतो. मी कुणाचंच घेत नाही, कारण मला माहीत नाही. आजही नाही.

रस्ता खुला झाला त्या बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम सोमाच्या जीपमध्ये बसलो. शेजारी जनाबाई. माथ्यावरचा जुना बोर्ड कामात निघाला होता; जीप थांबली नाही, कुणी उतरलं नाही. उतार सुरू झाला तसं तिने माझं मनगट गच्च धरलं आणि डोळे मिटून घेतले. रुंद वळणावरून जीप भिंतीच्या कडेने आरामात गेली आणि सपाटीला लागली.

"गेलं?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

"गेलं, जनाबाई."

"सगळी हायेत?"

मी मागे वळून पाहिलं, एकेक तोंड मोजलं, आणि सांगितलं, "सगळी आहेत."