मदर सीरियस, स्टार्ट

इंग्रजी क्रियापदांवर माझा विश्वास नाही. आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवून त्यावर पेन्शन खाणाऱ्या बाईनं असं बोलू नये, पण नाही तर नाही. त्यातही 'स्टार्ट'वर तर मुळीच नाही. दिसायला साधं आहे. पाचवीतली पोरगीही सांगते, स्टार्ट म्हणजे सुरू करणे. मग 'बिगिन' कशाला ठेवलं, असं दरवर्षी एखादी आगाऊ पोरगी विचारायचीच. मी सांगायची, की धडा बिगिनही होतो आणि स्टार्टही होतो, पण मोटार नुसती स्टार्ट होते, आणि गावाला निघालेला माणूसही स्टार्टच होतो, बिगिन होत नाही. पोरी माना डोलवायच्या. एकीलाही पटलेलं नसायचं, हे मला दिसत असे.

शाळेच्या कपाटात एक जाडजूड कोश होता. त्यात एकदा हा शब्द काढून पाहिला, तर त्याचा जुना अर्थ सुरू करणे असा नव्हताच. पूर्वी स्टार्ट म्हणजे उसळणे, दचकून अंग झटकत उठणे. झुडपातला ससा हाकून बाहेर काढला, तरी तो 'स्टार्ट' केला म्हणत. निघणे हा अर्थ मागाहून चिकटला, आणि सुरू करणे हा त्याच्याही नंतर. मुलींना मी हे कधी सांगितलं नाही, परीक्षेत विचारत नव्हते म्हणून. पण वाचताना वाटलं, की कोशवाल्यांनी जुनी पुस्तकं उकरून जे शोधलं ते आमच्या अल्लीपुरात निरक्षर बायकांनाही ठाऊक होतं. तिथे हा शब्द फक्त तारेतून यायचा, आणि आला की अख्खं घर दचकायचं.

आमचा वर्धा जिल्हा मध्यप्रदेशात होता तेव्हाची ही गोष्ट. कापसाच्या वेचणीत आणि भाजीच्या दिवसांत सुनेला माहेरी धाडायची पद्धत नव्हती. कितीही विनवण्या करा, काम उरकलं की पाहू, हे उत्तर ठरलेलं. म्हणून माहेरचे तार करत. मजकूरही ठरलेला होता: मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली. आमच्या गल्लीत एका हंगामात अशा तीन तारा आल्या, तिन्ही सुना रडत गेल्या आणि आठ-पंधरा दिवसांनी गालांवर तुकतुकी घेऊन परत आल्या. तिन्ही आया धडधाकट होत्या. गंमत म्हणजे खरोखर कोणी गेलं असलं, तरी मजकूर हाच असायचा, कारण मेल्याची बातमी एकदम कळवायची नसते. त्यामुळे 'सीरियस' म्हणजे एक तर ठणठणीत, नाही तर संपलेली. नुसतं आजारी असणं हा त्या शब्दाचा सरळ अर्थ आमच्याकडे कोणी धरतच नसे. भरवशाचा शब्द एकच, स्टार्ट. कारण काही का असेना, निघायचं.

माझ्या सासूबाईंचा त्याही शब्दावर भरवसा नव्हता. आमचा भाजीचा मळा होता. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन त्या स्वतः हिंगणघाटच्या बाजारात बसायच्या. बियाणं घेताना दोन दाणे दाताखाली चावून पाहायच्या. दुसऱ्याचं वांगं चारी बाजूंनी दाबल्याशिवाय त्याला बरं म्हणायच्या नाहीत. मी तेव्हा चौथीपर्यंतच इंग्रजी शिकलेली सून, पुढचं शिकणं आणि शाळेतली नोकरी नंतरची, पण तेवढ्यावरही माझ्यावर नजर जरा जास्तच. मी माहेरी पत्र लिहिलं की त्या ते शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेत, मगच टपालात पडायचं. या बाईला फसवायचं म्हणजे सोपं काम नव्हतं, आणि नेमकं तेच मी ठरवलं होतं.

दिवाळीला आर्वीला माहेरी गेले तेव्हा मला दिवस गेलेले होते. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी येते, पण मला तोवर धीर नव्हता. मी मायच्या मागे लागले, की संक्रांत झाली की तार कर, मी रडून-भेकून निघून येते. माय विधवा, घरात ती आणि माझा धाकटा भाऊ. तिला हसू आलं. म्हणाली, "मले जितेपणी बिमार पाडतं का वं?" पण नाही म्हणाली नाही.

तार आली ती मार्गशीर्षातच. टपालवाला हिंगणघाटहून सायकल हाणत आला, तेव्हा मी अंगणात वालाच्या शेंगा निवडत होते. कागद माझ्याच हातात आला, कारण घरात तो वाचणारी मीच. मदर सीरियस, स्टार्ट. ठरल्यापेक्षा दीड महिना आधी, आणि 'इमिजिएटली' गायब. मी एकदा दचकले, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्याच क्षणी मी मनाशी उलगडा केला. मायला दम निघाला नाही आणि भावाला इमिजिएटलीचं स्पेलिंग आलं नाही. मग शेंगा बाजूला सारून मी गळा काढला. रडणं मला चांगलं जमायचं.

सासूबाईंनी कागद माझ्या हातून घेतला आणि तडक मास्तरांकडे नेला. परत आल्या त्या प्रश्न घेऊनच. मायला काय झालं? कधीपासून? दिवाळीला तर चांगली होती ना? तारेत हे काही नसतं, हे मी हुंदके देत सांगितलं. मी पेटी भरायला घेतली, तर शेजारी येऊन बसल्या आणि भरलेली पेटी पुन्हा उपसली. तळाशी माझं हिरवं जरीकाठी पातळ निघालं. ते मांडीवर ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं, "मायले पाह्याले चालली का लग्नाच्या मांडवात?" मग त्यांनी ते पातळ पुन्हा फळीवर ठेवलं आणि आपलं एक लुगडं माझ्या पेटीत टाकलं. त्या माझ्यासोबत येणार होत्या. आता मात्र मला खरंखुरं रडू आलं.

बंडीनं हिंगणघाट, तिथून आगगाडीनं वर्धा, मग पुलगाव, आणि पुलगावहून लहान रुळांची गाडी आर्वीला. दिवसभराचा प्रवास, आणि दिवसभर त्या माझं तोंड वाचत होत्या. मी प्रत्येक स्टेशनावर थोडी थोडी रडत होते. पुलगावला त्यांनी गरम भजी घेतली आणि द्रोण माझ्यापुढे धरला. चौथा महिना, पोटात आग पडलेली, भज्यांचा वास नाकात शिरलेला. पण माय मरायला टेकली असताना लेकीनं भजी खाल्ली तर संपलंच. मी मान हलवली. त्यांनी ती सगळी सावकाश खाल्ली, एकेक, माझ्याकडे पाहत. मला त्यांचा असा राग आला होता की विचारू नका.

खरी धास्ती पुढची होती. मायला काय ठाऊक, मी कोणाला सोबत आणतेय ते? ती दारात हसत उभी असली, तर माझं उरलेलं आयुष्य सासरी टोमणे खाण्यात जाणार होतं. आर्वीच्या स्टेशनावर भाऊ आला होता. माय निजून आहे, एवढंच म्हणाला आणि खाली पाहू लागला. सासूबाईंची नजर चुकवून मी त्याच्या दंडाला चिमटा काढला, शाबास म्हणून. तो पेटी उचलून पुढे चालू लागला.

घरी माय बाजेवर वाकळ पांघरून पडली होती. खोलीत उजेड कमी होता. ती दिवाळीपेक्षा वाळलेली दिसली, पण मी म्हटलं, केस विस्कटले आणि तोंड धुतलं नाही की कोणीही वाळलेलंच दिसतं. सासूबाई पाय धुवायला गेल्या. तेवढ्यात मी मायजवळ वाकले आणि डोळा मिचकावला. माझ्या पोटावरून तिनं हात फिरवला. मग तिनंही डोळा मिचकावला.

सासूबाईंनी तीन दिवस बाजेशेजारी बैठक मारली. इहीणबाई, इहीणबाई करत मायचे डोळे ओढून पाहिले, नखं पाहिली, जीभ पाहिली. पेज स्वतः भरवली आणि किती पोटात राहते तेही पाहिलं. पोट तर वांगं दाबून पाहावं तसं बोटांनी चाचपलं. माय कण्हायची, कधी ओठ दाताखाली धरायची. मला वाटे, जरा जास्तच करतेय, आणि हसू दाबायला मी चुलीपाशी पळायची. सासूबाईंना हरवणारं माणूस अखेर माझ्या माहेरात निघालं, याचा मला केवढा अभिमान वाटत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर पाणी ओढत होते, तिथे त्या आल्या. दोर माझ्या हातून घेतला. मी असं वजन ओढू नये म्हणाल्या, आणि हे त्यांनी त्यापूर्वी कधी म्हटलं नव्हतं. मग म्हणाल्या, "तुही माय खरंच बिमार आहे. पोटात गोटा आहे तिच्या. मी उद्या एकटी जातो, तू इथंच राह्य. बाळंतपण होऊ दे, मग येजो."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, वा. जी बाई चार दिवस सोडत नव्हती ती एकदम पाच महिने सोडतेय? हा सापळा होता. मी आनंदानं हो म्हणावं, म्हणजे पेटीतल्या पातळासारखं माझं सोंगही बाहेर यावं. मी इतकी काही दूधखुळी नव्हते. मळ्यात वांगी उतरायची आहेत, तुमच्या एकटीच्यानं कसं होणार, मी येते, असं मी अगदी गुणी सुनेसारखं बोलले. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा नाही म्हटलं. त्या जितक्या आग्रहाला पेटल्या तितकी माझी खात्री पक्की होत गेली. शेवटी त्या चिडून म्हणाल्या, "मी सांगून राह्यली तं ऐकत काऊन नाई तू?" पण मी काही हलले नाही. इतका शहाणपणा मी आयुष्यात पुन्हा कधी दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना मायनं माझा हात धरला. हात गरम होता. म्हणाली, "राह्य नं वं चार दिवस." सासूबाई दारातच उभ्या होत्या, म्हणून मी त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं, की घरी कामं पडलीत, तू औषध घे, मी सातव्या महिन्यात येतेच आहे. आणि मायला पुन्हा हळूच डोळा मिचकावला. तिनं हात सोडला. परतीच्या गाडीत सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि आपण जिंकलो असं मी समजले.

माघात दुसरी तार आली. शब्द तेच होते. आम्ही पोचलो तेव्हा मायला नेऊन झालं होतं. मी रडले, पण मला ते रडणंही खोटं वाटत होतं. गळ्यातून तोच आवाज निघत होता जो मार्गशीर्षात अंगणात काढला होता. सासूबाईंना तो ऐकू येत असेल या शरमेनं मी तोंडात पदर कोंबला.

दहावा झाल्यावर भाऊ मागच्या अंगणात माझ्याजवळ येऊन बसला. मी त्याच्यावर तुटूनच पडले. तुला ठाऊक होतं तर स्टेशनावर सांगितलं का नाहीस, दोन शब्द बोलायला तुझं काय जात होतं? त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं, की दिवाळीनंतर लगेच दुखणं उठलं. वर्ध्याच्या डॉक्टरनं हात टेकले, त्याच दिवशी मायनं त्याला तार करायला पाठवलं. ताईशी ठरलेलं ते खोटं वेगळं, ही खरी तार कर, मले एकदा तिले पाह्यचं आहे, असं बजावून पाठवलं. चार दिवसांनी आम्ही परत निघालो तेव्हा तो स्टेशनापर्यंत धावत येऊन मला सगळं सांगणार होता. पायात वहाणाही घातल्या होत्या.

"मंग काऊन नाई आला?" मी विचारलं.

"मायनं अडवलं," तो म्हणाला. "म्हणे, जाऊ दे तिले. पोटुशी आहे. तिले खेळच वाटला, लय बरं झालं."